वाचक विचारतात: राउटर

राउटरविषयी आलेले प्रश्न बरेच आहेत आणि अनेक एकमेकांसारखेच आहेत. असे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : घरी नेट घेतले तेव्हा बसवलेल्या डब्याला कोणी मोडेम म्हणते, कोणी राउटर, तर कोणी नुसतेच वाय-फाय. यातले बरोबर काय?

सगळेच थोडे थोडे बरोबर, कारण त्या एका डब्यात सहा-सात वेगवेगळी कामे कोंबलेली असतात. बाहेरून तारेने किंवा फायबरने आलेला संकेत संगणकाला कळेल अशा रूपात आणणे हे मोडेमचे काम; फायबर असेल तर त्या भागाला ओएनटी म्हणतात. घरातले जाळे आणि बाहेरचे जाळे यांच्यात पॅकेटची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांची, ने-आण करतो तो खरा राउटर. मागची तीन-चार लॅन पोर्ट (घरातल्या उपकरणांच्या केबल लावायच्या जागा) म्हणजे स्विच. अँटेनावाला भाग म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट. शिवाय घरात आलेल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देणारा डीएचसीपी, नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएसचा मध्यस्थ आणि बाहेरून न बोलावता आलेल्यांना अडवणारा फायरवॉल.

फरक कळायला एक सोपी खूण सांगतो. घरातल्या एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर फाइल पाठवली, तर ती राउटरच्या भागाकडे जातच नाही. स्विच किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट ती परस्पर पोचवतो. म्हणूनच नेट बंद असले तरी वाय-फायवरचा प्रिंटर चालतो. पॅकेटला घराचे जाळे ओलांडायचे असेल, तरच राउटिंगचा संबंध येतो.

आमच्या मते हा भेद नुसता पुस्तकी नाही. ‘राउटर बिघडला’ म्हणून जी तक्रार येते, तिच्यात राउटिंगचा भाग क्वचितच दोषी असतो. वाय-फाय, केबल, अ‍ॅडॉप्टर किंवा डीएनएस यांपैकी कोणी तरी रुसलेले असते, आणि दर वेळी डबा बदलून ते सुटत नाही.

प्रश्न : जगात इतके संगणक आहेत. माझ्या राउटरला प्रत्येकाकडे जायची वाट ठाऊक कशी?

ठाऊक नसते आणि त्याची गरजही नसते. घरच्या राउटरच्या राउटिंग टेबलात जेमतेम दोन-तीन नोंदी असतात: १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते घरात, आणि बाकी सगळे नेट कंपनीच्या राउटरकडे. या दुसऱ्या नोंदीला डिफॉल्ट रूट म्हणतात. चौकातली पाटी गावापर्यंतचा सगळा रस्ता सांगत नाही, कोणत्या हाताला वळायचे एवढेच सांगते. राउटरही तेवढेच करतो.

पॅकेट आले की राउटर त्यातला गंतव्य आयपी पत्ता, म्हणजे जिथे जायचे त्या संगणकाचा आकडी पत्ता, वाचतो आणि टेबलात सर्वांत नेमकी जुळणारी नोंद शोधतो. समजा एक नोंद १०२४ पत्त्यांच्या गटाची आहे आणि दुसरी त्यातल्याच २५६ पत्त्यांची. दोन्ही जुळत असतील तर २५६ वाली जिंकते. मग पॅकेटच्या टीटीएल या आकड्यातून एक वजा होतो. हा आकडा बहुधा ६४ किंवा १२८ पासून सुरू होतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते. दोन राउटर चुकून एकमेकांकडेच बोट दाखवत असतील, तर पॅकेट जन्मभर फिरत राहू नये म्हणून ही सोय. ट्रेसरूट हे साधन याचाच फायदा घेते: मुद्दाम टीटीएल १, २, ३ ठेवून पॅकेट पाठवते आणि ज्या ज्या राउटरवर ते मरते, त्याच्याकडून आलेल्या निरोपावरून वाटेतले टप्पे उघड करते.

शेवटी राउटर पॅकेटवरचे जुने इथरनेट (केबलवरच्या जाळ्याच्या पद्धतीचे) वेष्टन काढून नवे चढवतो. त्यावर पुढच्या टप्प्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा हार्डवेअर क्रमांक, असतो. म्हणजे मॅक पत्ते प्रत्येक टप्प्यावर बदलतात, पण गंतव्य आयपी पत्ता तोच राहतो.

डिफॉल्ट रूटच्या जोरावर हात झटकता येत नाहीत ते मोठ्या कंपन्यांच्या राउटरना. ते बीजीपी नावाच्या पद्धतीने ‘हे पत्ते माझ्यामार्फत मिळतील’ असे एकमेकांना कळवतात. त्यांच्या टेबलात आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीच्याच नऊ लाखांहून अधिक नोंदी असतात आणि त्या खास वेगवान स्मृतीत ठेवाव्या लागतात. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाचे टेबल वाढता वाढता ५१२ के (सुमारे पाच लाख नोंदी) या मर्यादेला भिडले. काही जुन्या राउटरांच्या त्या स्मृतीत तेवढ्याच नोंदींची जागा राखलेली होती, आणि त्या दिवशी अनेक ठिकाणी नेट रडतखडत चालले.

बीजीपी मुळात विश्वासावर चालते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब अडवण्यासाठी यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा रस्ता स्वतःकडे वळवला, पण ती घोषणा देशाबाहेर निसटली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या गटाची होती. नेमकी नोंद जिंकते हा नियम जगभरच्या राउटरांनी इमानेइतबारे पाळला आणि सुमारे दोन तास यूट्यूबकडे जाणारी वाहतूक भलतीकडे गेली. एकाही राउटरमध्ये बिघाड नव्हता!

प्रश्न : घरात दहा उपकरणे आहेत, पण बाहेर म्हणे पत्ता एकच दिसतो. मग आलेले उत्तर कोणाचे हे राउटरला कसे कळते?

नॅटमुळे, म्हणजे राउटर पॅकेटवरचे पत्ते बदलून देतो त्या सोयीमुळे. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणारे नव्हतेच. म्हणून १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, इंटरनेटवर मात्र ते चालत नाहीत.

एक पॅकेट जवळून बघू. मोबाइलचा पत्ता १९२.१६८.१.५, त्याने स्वतःसाठी घेतलेला पोर्ट क्रमांक ५१००० (हे पोर्ट केबलचे नव्हे; एकाच पत्त्यावरचे वेगवेगळे संवाद ओळखायचा नुसता आकडा). त्याला बाहेरच्या २०३.०.११३.७ या पत्त्यावर ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर बोलायचे आहे. राउटर पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडतो, तिथे स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो, पोर्ट समजा ४०१२३ करतो आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो: ४०१२३ म्हणजे १९२.१६८.१.५ चा ५१०००. उत्तर ४०१२३ वर आले की वही बघून पत्ता पुन्हा पहिल्यासारखा. नोंद नसलेल्या पोर्टवर काही आले तर ते कोणाला द्यावे हे कळत नाही, म्हणून टाकून दिले जाते.

ही नोंद कायमची नसते. काही काळ वाहतूक झाली नाही की ती पुसली जाते. यूडीपी या पोच न घेणाऱ्या पद्धतीची काही मिनिटांत किंवा त्याहून लवकर, टीसीपी या पोच घेणाऱ्या पद्धतीची बऱ्याच उशिरा. संदेशांची अ‍ॅप अधूनमधून उगाच एखादे इवलेसे पॅकेट पाठवतात, ते ही नोंद जिवंत ठेवायला.

याच विषयावर दुसऱ्या एका वाचकाने विचारले आहे की पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून ठरावीक पोर्टवर आलेले घरातल्या ठरावीक उपकरणाकडे पाठवण्याचे सेटिंग) लावूनही घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही. राउटरच्या पानावर (ते कसे उघडायचे ते पुढच्या उत्तरात आहे) वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर तुमच्या नेट कंपनीनेही वर आणखी एक नॅट लावले आहे. घरी कितीही खटाटोप केला तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घ्या, आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत वापरा, नाहीतर कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत बघा.

प्रश्न : मोबाइलवर वाय-फायची रेंज फुल्ल दिसते, पण एकही पान उघडत नाही. असे का?

ती रेंज मोबाइल आणि डब्यामधल्या अंतराची आहे. डब्यापलीकडे काय चालले आहे याच्याशी तिचा संबंध नाही. पुढील क्रमाने गेलात तर दहा मिनिटांत दोष कुठे आहे ते कळेल.

आधी मोबाइलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये मिळालेला आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा रिकामा असेल, तर डीएचसीपीकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर बंद करून चालू करा. पत्ता ठीक असेल तर त्याच पानावर गेटवे म्हणून दिलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाका. राउटरचे पान उघडले म्हणजे घरातली बाजू सुरळीत आहे.

त्या पानावर वॅनचा पत्ता बघा. ०.०.०.० दिसत असेल तर बाहेरची जोडणी तुटली आहे. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायर कुठे काटकोनात दुमडली आहे का, जड कपाटाखाली दबली आहे का बघा. बाकी काम कंपनीचे. एलओएस बंद असूनही पत्ता मिळत नसेल, तर पीपीपीओईचे (कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड तपासायचे.

वॅनचा पत्ता आहे, १.१.१.१ ला पिंग (उत्तर येते का आणि किती वेळात ते बघणारे छोटे पॅकेट) जाते, पण नावाने काहीच उघडत नाही, असे असेल तर दोष डीएनएसचा. राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ लिहा. आणि सगळे ठीक असूनही ब्राउझर सुरक्षेच्या सूचना दाखवून अडत असेल, तर उपकरणाची तारीख बघा. घड्याळ दोन वर्षे मागे असेल तर संकेतस्थळांची प्रमाणपत्रे (ओळखपत्रे) पटत नाहीत, आणि शिव्या मात्र राउटर खातो.

या भानगडीत कोणी रीसेटचे बारीक छिद्र टाचणीने दाबायला सांगितले, तर थांबा. रीस्टार्ट वेगळे, रीसेट वेगळे. दहा-पंधरा सेकंद दाबून धरले की पीपीपीओईचा पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जोडणीसाठी राउटरमध्ये भरलेला) क्रमांक यांसकट सगळे पुसले जाते. ते आधी कागदावर उतरवून ठेवा.

प्रश्न : ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. केबल लावलेल्या संगणकावर वेग नेमका ९४ च्या आसपास थांबतो. कंपनी फसवते का?

९४ हा आकडाच चोर दाखवून देतो. १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीवर प्रत्येक पूर्ण पॅकेटमागे तारेवर १५३८ बाइटांची जागा जाते आणि त्यात कामाची माहिती साधारण १४६० बाइट असते. वेष्टने आणि दोन पॅकेटमधली सक्तीची मोकळी जागा वजा जाता शंभरातले ९४-९५ उरतात. म्हणजे वाटेतली कुठली तरी जोडणी गिगाबिटऐवजी (१००० एमबीपीएस) १०० वर चालली आहे.

बहुतेक वेळा दोष केबलचा. गिगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० ला १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या चारच तारा पुरतात. ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार क्रिंपिंगमध्ये (प्लग दाबून बसवताना) नीट बसली नसेल, तर बहुतेक उपकरणे काही न बोलता खालच्या वेगावर येतात. बाहेरून सगळे चालू दिसते, म्हणून शंकाही येत नाही. कॅट ५ई किंवा त्यावरच्या दर्जाची दुसरी केबल लावून बघा. प्लग बसवताना तारांचे पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका आणि एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त असली तरी घेऊ नका. केबल बदलूनही फरक नसेल तर राउटरच्या तळाचा कागद वाचा. काही स्वस्त राउटरांची पोर्टच १०० ची असतात.

जाता जाता: प्लॅन बिटांत असतो, डाउनलोडचा आकडा बऱ्याचदा बाइटांत. ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट.

प्रश्न : कोणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की माझ्या व्हिडिओ कॉलचा आवाज तुटतो. वेग तर पुरेसा आहे.

वेग पुरेसा असतो, रांग मोठी होते. राउटर किंवा मोडेम जादा पॅकेट टाकून देण्याऐवजी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. अपलोड १० एमबीपीएस असेल आणि बफर एक मेगाबाइटचा, तर तो भरल्यावर आपल्या कॉलच्या पॅकेटला जवळपास पाऊण सेकंद ताटकळावे लागते. संभाषणात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की माणसे एकमेकांच्या बोलण्यात पाय घालू लागतात.

खात्री करायची तर पिंग चालू ठेवा आणि मोठा अपलोड सुरू करा. २० मिलिसेकंदांचे ५०० झाले, तर हाच आजार. उपाय राउटरच्या क्यूओएस किंवा एसक्यूएम या (पॅकेटची रांग सांभाळणाऱ्या) सेटिंगमध्ये आहे. तिथे एफक्यू-कोडेल किंवा केक हा पर्याय निवडा आणि मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९५ टक्के ठेवा. १० ऐवजी ९. रांग मोडेममध्ये न लागता आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागावी, यासाठी ही कपात. एक अडचण मात्र आहे: हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडते आणि काहीशे एमबीपीएसच्या पुढे साधे राउटर दमतात. तसे झाले तर मर्यादा फक्त अपलोडला लावा.

प्रश्न : जुना राउटर पडून आहे. तो आतल्या खोलीत वाय-फायसाठी वापरता येईल का?

खुशाल. पण त्याला राउटर म्हणून नव्हे, अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून बसवा. संगणक फक्त जुन्या राउटरला जोडून त्याचे पान उघडा. लॅनचा पत्ता मुख्य राउटरच्याच गटातला पण वेगळा द्या, मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि मुख्य राउटरच्या डीएचसीपीच्या वाटपातून हा आकडा वगळा. पत्ता बदलला की पान नव्या पत्त्यावर उघडा आणि या राउटरचा डीएचसीपी बंद करा. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षा प्रकार मुख्यासारखेच ठेवा, चॅनेल वेगळा. मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधली केबल याच्या लॅन पोर्टमध्येच घाला. वॅन पोर्ट रिकामे राहू द्या.

चुका नेहमीच्या तीन. डीएचसीपी चालू राहिला तर दोन्ही डबे पत्ते वाटू लागतात, आणि कोणाचे नेट चालेल कोणाचे नाही ते नशिबावर. केबल वॅनमध्ये घातली तर नॅटवर नॅट चढते. पाने उघडतात, पण आतल्या खोलीतली उपकरणे बाकीच्या घराला दिसत नाहीत. तिसरी चूक जास्त महागात पडते: दोन डब्यांमध्ये ‘जादा वेगासाठी’ दोन केबल लावणे. इथरनेटच्या वेष्टनात टीटीएल नसतो, त्यामुळे सर्वांसाठीचे एखादे पॅकेट त्या गोलात अडकले की फिरतच राहते, स्विच त्याच्या प्रती काढत राहतात, आणि काही सेकंदांत सगळ्या घराचे जाळे ठप्प होते. दिवे एका तालात भराभर लुकलुकताना दिसले तर आधी एक केबल उपटा.

प्रश्न : वाय-फायचा चॅनेल कोणता ठेवावा? राउटर कुठे ठेवावा?

२.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. शेजाऱ्यांचे १ आणि ६ गजबजले आहेत म्हणून मधला ३ घेणे हा शहाणपणा नव्हे. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट सरकलेल्या चॅनेलवरचा आवाज मात्र नुसता गोंगाट ठरतो, दोन्हीकडे.

जवळच्या वापराला ५ गिगाहर्ट्झ चांगला. भिंतीपलीकडे तो लवकर थकतो. चालू केल्यावर मिनिटभर ५ गिगाहर्ट्झचे नावच दिसत नसेल तर घाबरू नका. काही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, आणि तिथे बोलण्याआधी राउटरला किमान ६० सेकंद ऐकावे लागते.

डबा घराच्या मध्यावर, छातीइतक्या उंचीवर, मोकळा. आरसा, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांच्यामागे नको. दांडीची अँटेना उभी असेल तर लहरी आडव्या पसरतात, म्हणजे त्याच मजल्यावर. सिग्नल मोजणारे अ‍ॅप उणे ६७ डीबीएमच्या आसपास दाखवत असेल तर व्हिडिओ कॉल निभावतो; उणे ८० म्हणजे कसेबसे. हे आकडे फसवे असतात: दर ३ डीबीमागे शक्ती निम्मी होते.

प्रश्न : राउटर बंद-चालू केला की सगळे ठीक होते. का?

नॅटची वही रिकामी होते, स्मृतीतला साचलेला कचरा जातो, चॅनेल नव्याने निवडला जातो आणि कंपनीकडून पत्ता पुन्हा मागितला जातो. अर्धा मिनिट बंद ठेवा. ओएनटी वेगळा असेल तर आधी तो चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर.

रोजच असे करावे लागत असेल तर अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्या. १२ व्होल्टचा जुना अ‍ॅडॉप्टर रिकामा मोजला तर १२ च दाखवतो, पण सगळे एकदम व्हिडिओ बघू लागले की व्होल्टेज खाली बसते आणि राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचे अधिक-उणे चिन्ह जुळलेले.

प्रश्न : वाय-फायला अवघड पासवर्ड ठेवला आहे. तेवढे पुरे ना?

नाही. राउटरच्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो, आणि तो बहुधा कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर आपल्या सैन्यात ओढले. तो आधी बदला. बाहेरून राउटरचे पान उघडू देणारे रिमोट मॅनेजमेंट बंद करा. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिन किंवा बटनाने वाय-फाय जोडायची सोय) बंद करा: त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. सुरक्षा प्रकार डब्ल्यूपीए३, जुनी उपकरणे असतील तर डब्ल्यूपीए२. वाय-फायचे नाव लपवण्याचा मात्र खटाटोप करू नका; ते शोधायला काहीच लागत नाही.

फर्मवेअरचे (राउटरमधल्या सॉफ्टवेअरचे) नवे अपडेट येणे बंद झाले असेल तर तो राउटर मुख्य दारावर नको. आतल्या खोलीत अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून त्याचे काही दिवस बरे जातील.